चाकाला पाणी

सासूचा एक हात तेवढा बाहेर दिसत होता. बाकी ती सगळी गाडीखाली होती.

हात ओढ्याच्या वाळूत पालथा पडला होता. बोटं हलत नव्हती. मी हाक मारली, "आत्याबाई." उत्तर आलं नाही. नवरा गाडीच्या साट्याला, म्हणजे माल भरायच्या चौकटीला, खांदा लावून गाडी उचलायला बघत होता, पण गाडीत अजून अर्धा माल होता आणि आमचा माल म्हणजे दगड. सासरे बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या विळ्यानं कापत होते. उजवा बैल पडला होता आणि पाय झाडत होता. त्यानं पाय झाडले की जू हलायचं, जू हललं की गाडी हलायची, आणि गाडी हलली की सासूच्या मनगटावर थोडी वाळू सरकायची. म्हणून ते आधी बैल सोडवत होते. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ह्या माणसाला बायकोपेक्षा बैल जड झाला.

उतारावर वर उजव्या चाकाचे तुकडे पडले होते. त्या चाकावरची लोखंडी धाव मात्र सुटून आपल्या आपण घरंगळत पुढं गेली होती आणि डोहाच्या काठाला आडवी पडली होती. तिला काही झालं नव्हतं. लोहाराच्या भट्टीतून निघाली तशी गोल होती.

गाडी घेऊन आम्हाला महिनासुद्धा झाला नव्हता.

आम्ही पाथरवट. चारठाण्याजवळ आमचं गाव. चारठाण्यात जुनी दगडी देवळं आहेत. लोक सासऱ्यांना म्हणायचे, तुमच्याच आज्या-पणज्यांनी बांधली असतील. सासरे म्हणायचे, "बांधली असतील. आमाला फक्त हातोडी ठेवून गेले." आम्ही देवळं बांधत नव्हतो. आम्ही जाती, पाटे, वरवंटे आणि उखळं करायचो. त्या वेळी पिठाची गिरणी परभणीला असेल, आमच्याकडे नव्हती. घरोघर जातं होतं आणि जातं दोन-चार महिन्यांत गुळगुळीत व्हायचं, मग त्याला टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, टोचे मारून पुन्हा खरखरीत करावं लागायचं. ते काम बायकांचं. माझी सासू गावोगाव फिरायची. गल्लीत शिरताना आरोळी द्यायची, "टाकी लावा, जात्याला टाकी." तिचा आवाज चिरका होता, पण दोन आळ्यांपलीकडं जायचा.

मी चौथीपर्यंत शिकले होते. माहेरी एक मास्तर होते, ते मुलींनाही बसू द्यायचे. लग्न झाल्यावर सासू म्हणाली, "अक्षरं गिरवलीस ना पाटीवर? तसंच हाय. फक्त पाटी जड हाय." तिनं मला टाकी धरायला शिकवली. टोचे ओळीनं पडले पाहिजेत, मधून कडेकडे, नाहीतर पीठ बाहेर येत नाही. ती बसल्या जागी चुकीच्या ओळीवर थुंकायची. ते शिकवणं मला मास्तरांपेक्षा बरं वाटलं, कारण त्यात छडी नव्हती.

टाकी लावून झाली की जात्यात मूठभर कोंडा दळून टाकायचा, बारीक खर निघून जायची. मग दुसऱ्या दळणाचं पीठ घरची बाई आम्हाला द्यायची. कुठं भाकर आणि ताक मिळायचं, कुठं नुसतं "ये गं पुन्हा". तसली पिठाची चव पुढं मला कधी मिळाली नाही. कशामुळं ते माहीत नाही. भूक होती म्हणूनही असेल.

पण टाकीच्या कामावर घर चालत नव्हतं. घर चालायचं नव्या जात्यांवर आणि ती विकायला बाजारात न्यावी लागायची. पूर्वी आमच्याकडे एक गाढव होतं. ते मेलं. मग पाटे-वरवंटे सासू डोक्यावर न्यायची आणि जड जाती न्यायला एखाद्या शेतकऱ्याची गाडी मागायची. पेरणीत आणि सुगीत गाडी कोण देतो? तेव्हा जातंही डोक्यावर. जात्याचा एक दगड, म्हणजे एक तळी, सासूच्या डोक्यावर, दुसरी नवऱ्याच्या. माझं लग्न झालं त्या वर्षी सासूची मान एका बाजूला वळेना. कुणी डावीकडून हाक मारली की ती सगळीच्या सगळी वळायची, दार फिरावं तशी.

एक दिवस तिनं चुंबळ माझ्याकडे फेकली आणि सासऱ्यांना म्हणाली, "माह्या मानंनं आता न्हाई म्हणून सांगितलंय. आता हिची मान घ्या. न्हाईतर गाडी घ्या."

सासरे म्हणाले, "बैल हायतच खाणीतला दगड ओढायला. गाडीचं बघू."

"बघू न्हाई. हिची मान बारीक हाय. दोन वर्षांत वाकंल."

मी चुंबळ हातात धरून उभी होते. माझ्या मानेवर दोन माणसं बोलत होती आणि मला बोलायचं नव्हतं. मला गाडी पाहिजे होती, एवढंच.

नवी गाडी मिळण्यासारखी नव्हती. लढाईचे दिवस होते. लोहार म्हणायचा, धाव करून देतो, पण लोखंड तुम्ही आणा. लोखंड कुठं होतं? जुनीच बघायची ठरली. जुनी गाडी बघायला गावातला सुतार संगं न्यावा, अशी रीत. पण सुतार आणि सासऱ्यांचं बिनसलं होतं. सुताराची बायको पाणवठ्यावर म्हणाली होती, ह्यांच्या जात्यातलं पीठ दातात वाजतं. सासरे सुताराच्या दारात जाऊन म्हणाले, "जातं न्हाई वाजत, तुह्या घरातलं तोंड वाजतंय."

तरी सुतार आपणहून आला. म्हणाला, "गाडी बघायला जायलाव म्हणं. येऊ का संगं? दगडफोड्याला लाकडाचं काय कळतंय."

"दगड कळला त्याला लाकूड कळतंय," सासरे म्हणाले. "उलटं व्हत न्हाई."

"बरं बाबा. कर."

झालं. सुतार राहिला.

चैत्र लागला आणि आम्ही चौघं बैल घेऊन पायी निघालो. परभणीच्या बाजारात गाड्या येतात, तिथं बघू, असं ठरलं. सासूनं आधीच सांगितलं होतं, "त्या गाडीत मी बसणार, तर बघणार बी मीच." वाटेत गाव आलं की आम्ही दोघी टाकीची आरोळी द्यायचो, बापलेक बैलांना झाडाखाली बांधून बसायचे. रात्री देवळाच्या ओसरीवर नाहीतर कुणाच्या गोठ्यात मुक्काम. मी माहेरहून सासरी आले होते, त्यापलीकडं जग बघितलं नव्हतं. मला चालण्याचा शीण आला नाही. सासू एका बाजूनं मान धरून चालायची आणि मला गावांची ओळख सांगायची, ती अशी: "ह्या गावातल्या बाया ताक देतात. त्या पलीकडच्या गावातल्या नुसत्या गप्पा देतात."

परभणीच्या बाजारात आम्ही बऱ्याच गाड्या बघितल्या. एका गाडीच्या तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याला, चीर होती. ती मेणानं बुजवून वर तेल फासलं होतं. दुसऱ्या गाडीचा मालक बैल जुंपूच देईना. म्हणाला, "बघून घ्या, वापरून नका घेऊ." सासू म्हणाली, "असं तुमच्या सोयऱ्याला पोरगी देताना म्हणता का?" लोक हसले, तो हसला नाही. तिसऱ्या गाडीचं वंगण सासूनं बोटावर घेऊन नाकाला लावलं. वंगण अगदी ताजं होतं. "कालच घातलंय," ती म्हणाली. "रोज घालणाऱ्याचं वंगण मळकं असतंय. ही नुसती आज सजवलेली म्हातारी हाय."

सासऱ्यांची पारख वेगळी होती. ते पिशवीतून हातोडी काढायचे आणि चाकाच्या धावेवर, आऱ्यांवर, तुंब्यावर हळूच ठोकून कान लावायचे. आम्ही दगड असाच निवडतो. चांगला दगड खणखणीत बोलतो. आतून फुटका असेल तर ठप् आवाज येतो, वरून कितीही सुरेख दिसू दे. सासऱ्यांचा कान इतका पक्का होता की खाणीत ते डोळे मिटून दगड निवडायचे. बाजारातल्या सगळ्या गाड्या त्यांच्या कानाला ठप् वाजल्या. त्यांनी एकही घेतली नाही.

गाडी सापडली ती सासूच्या टाकीमुळं. बाजारात काही जमलं नाही म्हणून आम्ही पिंगळीच्या बाजूला सरकलो. तिथल्या एका खेड्यात ती एका घरी जातं टोचत होती. घरची सून म्हणाली, "आमचे मामंजी गाडी इकायलेत." का, तर तिचा नवरा आणि दीर वेगळे झाले होते आणि एका गाडीवरून दोघांची रोज कटकट चालली होती.

म्हातारा शेतकरी ओट्यावर बसला होता. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, "गाडी माह्या हातची हाय. बाभळीची चाकं, सागाचा साटा. ह्याला दिली तर तो रुसतोय, त्याला दिली तर ह्यो. गाडीच न्हाई तर भांडण न्हाई."

"मंग दोघं कशावरून भांडतील?" सासूनं विचारलं.

"माह्यावरून," म्हातारा म्हणाला.

गाडी खरंच चांगली होती. वंगण मळकं होतं. सासरे हातोडी घेऊन खाली बसले. धाव ठोकली, आरे ठोकले. चाक असं बोललं की मलासुद्धा कळलं. सासऱ्यांनी तोंड वर केलं तेव्हा ते हसत होते. मी त्यांना तसं हसताना फारसं बघितलं नव्हतं. आमचे बैल जुंपले, सासूला वर बसवलं, मला मागं बसवलं. खाचखळग्यातून एक फेरी मारली. गाडी मागं उलाळली नाही, एका अंगावर झुकली नाही. सासू वरूनच म्हणाली, "घ्या."

निघताना म्हाताऱ्यानं गाडीवर हळदकुंकू वाहिलं, साट्यावरून हात फिरवला आणि सासऱ्यांना म्हणाला, "ऊन लय हाय. चाकाला पाणी देत जा बरं का. विसरू नका."

सासरे हसले. म्हणाले, "धावेला तुमच्या लोहारानं पाणी दिलं नव्हतं व्हय? लोखंड तर लय पक्कं दिसायलंय."

म्हाताऱ्याला वाटलं, हा पाहुणा थट्टा करतोय. तोही हसला.

इथं सांगायला पाहिजे. आमच्या धंद्यात 'पाणी देणं' ह्या शब्दाचा एकच अर्थ. टाकीचं टोक बोथट झालं की ते भट्टीत लाल करायचं, ठोकून नीट करायचं आणि पाण्यात बुडवायचं. मग ते कडक होतं. त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. 'हिला पाणी कमी झालंय', 'हिचं पाणी उतरलं', असं आमच्या घरात दिवसभर चालायचं. चाकाला पाणी द्या म्हटल्यावर सासऱ्यांना धावेचं लोखंड दिसलं, आणि ते लोखंड आधीच कडक होतं. मी काय, नवरा काय, सासू काय, आम्हा सगळ्यांना तेच वाटलं. पाथरवटाच्या घरात दुसरं कुणाला काय वाटणार होतं.

परत येतानाचे दोन-तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. लग्नाचेही नाहीत, लेकरं झाली तेव्हाचेही नाहीत. हे दिवस. सासू साट्यात आडवी पडून आभाळ बघत होती आणि म्हणत होती, "मान सरळ असली की एवढं दिसतंय व्हय." नवरा हाकत होता. लग्न झाल्यापासून तो माझ्याशी चारचौघांत बोलला नव्हता. गाडीवर मागं न बघता बोलायला लागला. बैलांकडे तोंड करून म्हणायचा, "तहान लागली असंल तर सांगावं." सासू म्हणायची, "बैलाला इचारायलास का बायकोला?" तो बैलांना हाकारायचा. दुधनेच्या पात्रात थोडं पाणी होतं. सासऱ्यांनी बैल पाण्याला लावले, गाडी पाण्यातच उभी राहिली, आणि आम्ही काठावर बसून भाकरी खाल्ल्या. चाकांनाही पाणी मिळालं. ते आम्ही दिलं नव्हतं, नदीनं दिलं.

गावात आलो तेव्हा पोरंठोरं मागं पळत आली. सुतारही आला. लांबूनच बघितली. "बरी हाय," म्हणाला. सासरे म्हणाले, "बरी? ठोकून बघ." सुतारानं ठोकून बघितली नाही, घरी गेला.

सासऱ्यांनी गाडी अंगणात उभी केली, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशी. दारात लिंब होता, पण लिंबाच्या सावलीत आम्ही दगड घडवायचो. सावली माणसांना आणि दगडांना, ऊन गाडीला. लग्नसराई होती. नव्या नवरीला जातं लागतं, म्हणून मागणी भरपूर होती. गाडी आली आहे तर गाडीभरूनच नेऊ, म्हणून सासरे माल साठवत राहिले. वैशाख आला. त्या उन्हात आमच्याकडे मडक्यातलं पाणीसुद्धा हाताला ऊन लागतं. गाडी जागची हलली नाही.

मग एका पहाटे माल भरला. जाती तळाला, पाटे कडेला, वरवंटे मधल्या फटीत. जिंतूरचा बाजार होता. सासू आणि मी दगडांवर गोणपाट टाकून बसलो. गाव सोडलं आणि उजव्या चाकातून खुळखुळ आवाज यायला लागला.

सासू म्हणाली, "अवो, ही काय बोलायली?"

सासरे पुढं चालत होते. "वजन हाय. कण्हायली. तू बी कण्हतीस की."

"मी कण्हते तव्हा काहीतरी दुखत असतंय."

सासऱ्यांनी थांबून चाक बघितलं. हातोडी पिशवीत होती, ती काढून ठोकलं असतं तर कळलं असतं, असं पुढं ते म्हणायचे. पण त्यांनी नुसतं बघितलं. चाक दिसायला ठीक होतं. पुढं ओढ्याचा उतार होता. उन्हं चढायच्या आत ओढा पार करायचा होता.

उतारावर धाव चाकावरून सरकली. मी ती बघितली. चाकाशेजारी दुसरं चाक धावायला लागल्यासारखं दिसलं. मग आरे निखळले, तुंबा जमिनीला लागला, आणि गाडी उजव्या अंगावर गेली. मी डावीकडे वाळूत पडले. सासूनं मला ढकललं की मीच पडले, हे मला आजही सांगता येत नाही. मी तिला पुढं अनेकदा विचारलं. ती म्हणायची, "मी कशाला ढकलू? तूच उडी मारलीस. भेकड हायस."

आता तो हात.

ओढ्याच्या पलीकडं एक धनगर आणि त्याची बायको मेंढरं पाण्याला घेऊन आले होते. ती दोघं पाण्यातून पळत आली. धनगरानं काही विचारलं नाही. गाडी उभी करताना पुढं टेकवायचं लाकूड असतं, ते त्यानं उपसलं, साट्याखाली घातलं आणि खाली एक पाटा सरकवून त्यावर जोर दिला. नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी खांदे लावले. साटा वर उठला. धनगराची बायको आणि मी सासूच्या काखेत हात घालून ओढलं. ती सुटली नाही. मग मी आत वाकून बघितलं. जात्याच्या दोन तळ्या एकावर एक पडल्या होत्या आणि साट्याची कड त्यांवर टेकली होती. त्या तळ्या नसत्या तर गाडी तिच्या छातीवर आली असती. पण तिसरी एक तळी तिच्या मांडीवर होती. ती मी लोटली. कशी लोटली माहीत नाही. एरवी मला एकटीला ती हलत नसे.

सासूला बाहेर काढलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि तोंडात वाळू होती. धनगराच्या बायकोनं तिचं तोंड बोटानं साफ केलं आणि डोहाचं पाणी मारलं. बराच वेळ काही झालं नाही. सासरे उभे होते. हातात विळा तसाच होता. मग सासू खोकली.

पाय मांडीत मोडला होता. धनगरानं बघितला आणि म्हणाला, "मेंढीचा बांधतो तसा बांधतो. चालंल का?"

सासू डोळे न उघडता म्हणाली, "मी काय मेंढी हाय व्हय?"

"मेंढी गप बसते, आक्का."

त्यानं वेळूच्या कांबी लावल्या, वर लोकर गुंडाळली आणि चऱ्हाटानं आवळलं. ती गप्प बसली नाही. तिनं त्याच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. तो हो हो म्हणत बांधत राहिला.

बांधून झाल्यावर तो हात धुवायला डोहाकडे गेला, तिथं धाव पडली होती. ती त्यानं उचलून चाकाच्या तुकड्यांजवळ आणली. लाकूड हातात घेऊन बघितलं. "लय वाळलंय," म्हणाला. "पाणी दिलं न्हाई व्हय चाकाला?"

सासरे म्हणाले, "लोखंड पक्कं हाय. लोहारानं दिलेलं असंल की."

धनगर म्हणाला, "लोखंडाला न्हाई हो. लाकडाला. उन्हाळ्यात चाकं काढून ओढ्यात टाकायची, रातभर. लाकूड फुगतंय, धाव घट्ट बसतीय. पोराला बी ठावं असतंय."

सासरे खाली बसले. त्यांनी धावेवर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हातारा ते सांगत व्हता."

बैल तोवर मेला होता.

सासूला घोंगडीच्या झोळीत घालून गावात आणलं. झोळीचं एक टोक धनगराच्या खांद्यावर, एक नवऱ्याच्या. धनगराची बायको मेंढरांजवळ थांबली. त्या दोघांना मी नंतर कधी बघितलं नाही. त्यांची वाट ठरलेली नव्हती.

सासूला ताप भरला. पाय सुजून खांबासारखा झाला. जिंतूरला दवाखाना होता, पण न्यायचं कशात? गाडी ओढ्यात पडली होती. ती बरळायची, तेही टाकीचंच. "ओळ चुकली, ओळ चुकली." मी तिच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत बसायचे. आजूबाजूच्या बाया यायच्या, बघायच्या, बाहेर जाऊन हळू बोलायच्या. हळू बोलणं मला ऐकू यायचं. सासरे आत येत नव्हते. लिंबाखाली बसून ते एक दगड घडवत होते, आणि तो दगड जात्याचा नव्हता, पाट्याचा नव्हता, कशाचाच नव्हता. नुसते टोचे मारत होते.

एक दिवस ते उठले आणि सुताराच्या घरी गेले. नवरा संगं होता, त्यानं मला सांगितलं. सासरे दारात उभे राहून म्हणाले, "मला लाकडातलं कळत न्हाई."

सुतार रंधा मारत होता. थांबला. "दगड भिजला तर काय व्हतं?" त्यानं विचारलं.

"काय बी व्हत न्हाई."

"आन् वाळला तर?"

"तसाच ऱ्हातोय."

"मंग तुला कुठून कळावं? चाक कुठंय?"

ओढ्यात जाऊन त्यानं तुकडे आणले. तुंबा शाबूत होता. आरे नवे घातले. म्हणाला, लाकूड अव्वल आहे, गाडी घेतलीस ती चुकला नाहीस. त्याची बायको आमच्याकडे सासूला बघायला आली आणि सोबत पेज आणली. त्या पेजेपासून सासूचा ताप उतरायला लागला, असं ती बाई सगळीकडे सांगायची. सासू म्हणायची, ताप दमला म्हणून उतरला.

लोहारानं शेणी पेटवून धाव लाल केली, नव्या चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं. वाफेचा डोंगर उठला. धाव आवळत गेली तसं लाकूड कडाकडा बोललं. सासरे जवळ उभे राहून ऐकत होते.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही चाकं काढून ओढ्यात टाकायचो. ते काम माझ्याकडे आलं. नवरा चाकं लोटत आणायचा, डोहात आडवी टाकायचा आणि मी त्यांवर दगड ठेवायचे, वाहून जाऊ नयेत म्हणून. मग मी धुणं धुवायचे आणि मधल्या तुंब्यावर बसून पाय पाण्यात सोडायचे. चाक पाणी पिताना बारीक बुडबुडे सोडतं. मासे येऊन आऱ्यांना तोंड लावायचे. कधी कधी नवरा तिथंच थांबायचा, आणि तिथं बघायला कुणी नसायचं म्हणून माझ्याकडे तोंड करून बोलायचा. नवऱ्याला मी जन्मभर नावानं हाक मारली नाही, इथंही मारणार नाही. पण त्या डोहात मी त्याच्या अंगावर पाणी उडवलेलं आहे.

निजामाचं राज्य गेलं तेव्हाही गाडी तीच होती. माझी थोरली दोन लेकरं त्या साट्यात निजून बाजार फिरली. माझ्या मानेवर कधी तळी आली नाही. म्हणून मी ह्या वयात बसून लिहू शकते आहे. पुढं गिरण्या आल्या, जातं कुणी घेईना, आणि गाडी एका शेतकऱ्याला दिली. देताना सासऱ्यांनी त्याला ओढ्यावर नेलं आणि चाक पाण्यात टाकून दाखवलं. तोंडानं सांगितलं नाही.

त्या दिवशी ओढ्यात आम्ही चौघं आणि दोन बैल होतो. उजवा बैल तिथंच मेला. सासूचा पाय आखूड राहिला. ती काठी घेऊन चालली, पण टाकी लावायला गावोगाव गेली आणि माझ्या थोरल्या मुलीचं लग्न बघून मग मेली. सासरे तिच्या आधी गेले. नवऱ्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मात्र आम्ही चौघंही वाचलो.